मानसशास्त्राच्या तासाला सायफाय मालिकांचे भाग दाखवावेत का? अनुभव हवेत

मलप्रभा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पदवी कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. बीए दुसरं वर्ष, वर्गात ४२ जण. निम्म्याहून थोडी जास्त मुलं मराठी माध्यमातली, बाकीची बरीचशी कन्नड, चार-पाच उर्दू शाळेतली, आणि जांबोटीकडचे दोघे घरी कोंकणी बोलणारे. पुस्तक इंग्रजी. मी आधी इंग्रजीतून वाचते, मराठीत समजावते, मग तेच कन्नडमध्ये. तेवढ्यात तास संपतो.

सध्या पूर्वग्रह, अंतर्गट-बाह्यगट (आपला गट आणि परका गट), जमावाचं वागणं हा भाग चालू आहे. परवा एका मुलीला पूर्वग्रहाची व्याख्या विचारली, तिनं घडाघडा सांगितली. म्हटलं, "तुझ्या मनात आहे का गं कुणाबद्दल?" "नाही मॅडम, कुणाबद्दलच नाही." मग वर्गाला विचारलं. कुणाच्याच मनात कुणाबद्दल काही नाही! मुलं खोटं बोलत नव्हती. स्वतःच्या मनात डोकावायला मी त्यांना खिडकीच दिली नव्हती, हे मला त्या दिवसापासून टोचतंय.

म्हणून एक विचार आलाय. 'द ट्वायलाइट झोन' नावाची जुनी अमेरिकन मालिका आहे, १९५९ ते १९६४ मधली. तिच्यात 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा १९६० चा भाग आहे, पंचवीसेक मिनिटांचा, कृष्णधवल. संध्याकाळी एका गल्लीवरून आवाज करत काहीतरी जातं आणि वीज, फोन, गाड्या सगळं बंद पडतं. एक लहान मुलगा म्हणतो, मी गोष्टीत वाचलंय, परग्रहावरचे लोक आधी माणसासारखं दिसणारं एक कुटुंब पाठवतात. झालं. एकाची गाडी आपोआप चालू होते, तो संशयित. तोच रात्री झोप येत नाही म्हणून आभाळाकडे बघत उभा असतो, संशय आणखी वाढतो. अंधारातून एक सावली येते, घाबरून कुणीतरी गोळी झाडतं, आणि मरतो तो त्यांचाच शेजारी, पलीकडच्या गल्लीत वीज आहे का बघायला गेलेला. शेवटी टेकडीवर खरोखरचे परग्रहवासी उभे असतात. वीज बंद-चालू करण्यापलीकडे त्यांना काहीच करावं लागलेलं नसतं.

हे वर्गात दाखवावं का? कुणी असं काही शिकवलंय का, किंवा असं शिकलंय का? आधी गोष्ट की आधी सिद्धान्त? आणि मुलं नुसती करमणूक म्हणून बघून उठून गेली तर काय करायचं?

गणू_अनगोळ | सोमवार, रात्री १०:०५

दाखवा मॅडम. बिनधास्त दाखवा. आमच्या मॅडमनी असं काही दाखवलं असतं तर मी आज मार्केटिंगमध्ये नसतो. +१

संकेश्वरी_मिरची | सोमवार, रात्री १०:३१

मी शिक्षक नाही, घरी असते, पण गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे करंट गेला की पहिलं काम काय? मेणबत्ती शोधायची नाही. दारात जाऊन बघायचं, समोरच्यांचा गेलाय का. त्यांचाही गेला असला की जीव निवांत होतो. आपलाच गेला असला की लगेच वाटतं, हे असं कसं, त्यांचा बरा आहे? काही कारण नसताना त्या घराचा राग येतो. अर्धा मिनिटच येतो, पण येतो. पन्नाशी आली, हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

तुमच्या मुलांना आधी एवढंच विचारा. करंट गेल्यावर तुम्ही काय बघता?

मलप्रभा | सोमवार, रात्री १०:४०

मिरचीताई, तासाची सुरुवात तुमच्याच वाक्यानं करणार. मनापासून आभार.

शहापूरचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. मला हा पडदा-प्रोजेक्टरचा प्रकार मनापासून पटत नाही. कारण सांगतो.

आपल्याकडे गोष्टीतून शिकवण्याची पक्की रीत आहे आणि ती म्हणजे कीर्तन. पूर्वरंगात अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं. उत्तररंगात आख्यान लावायचं. श्रोता आख्यान ऐकताना आपसूक पूर्वरंगाकडे वळून बघतो, "अरे, बुवा मघाशी म्हणाले ते हेच की!" बुवा समोर उभे असतात. कुणाचा चेहरा पडला, कोण पेंगतोय, ते बघून ते थांबतात, मागं येतात, गजर लावतात. पडदा थांबत नाही. तो वर्गाकडे बघतसुद्धा नाही.

गोष्ट चांगली आहे. पण मॅडम, ती तुम्ही सांगा. मेपल स्ट्रीट कशाला? गल्ली आपली घ्या.

समुपदेशक_टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ११:२०

मास्तर, पूर्वरंगाचा मुद्दा संशोधनालाही जवळचा आहे. २००९ साली बटलर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासावरचा अचूक मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या लोकप्रिय चित्रपटांचे तुकडे दाखवले. चित्रपट मजकुराशी जुळणारा होता तिथं मुलांच्या लक्षात जास्त राहिलं. चित्रपटात चूक होती तिथं मात्र, बरोबर मजकूर वाचलेला असूनही, अनेकांनी उत्तरात चित्रपटातली चूक लिहिली. आणि शिक्षकाच्या कामाची गोष्ट पुढं आहे. "चित्रपटात चुका असतात हं" असं मोघम सांगून फारसा उपयोग झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आहे ते आधी सांगितलं तेव्हा फरक पडला.

म्हणजे भाग तुम्ही दोनदा बघून ठेवायचा, आणि "या ठिकाणी हे खरं नाही" असं बोट ठेवून सांगायचं.

उदाहरण देते. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेत १९६६ चा 'द एनिमी विदिन' नावाचा भाग आहे. यंत्रातल्या बिघाडानं कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात. एक हिंस्र, एक सौम्य पण निर्णय घेऊ न शकणारा. फ्रॉइडचे इदम्-अहम् (मनातल्या आंधळ्या इच्छा आणि त्यांना आवर घालणारा 'मी') शिकवायला हा भाग बऱ्याच जणांना सुचतो, आणि गप्पा सुरू करायला तो चांगलाही आहे. पण वर्गातून एक तरी मूल "म्हणजे स्किझोफ्रेनिया" असं मनाशी पक्कं करून उठतं. त्यात आपला मराठी शब्द छिन्नमनस्कता, म्हणजे मन दुभंगलेलं. स्किझोफ्रेनियात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. भास होतात, घट्ट भ्रम होतात, विचारांची साखळी तुटते, माणूस आतून आटत जातो. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हा गैरसमज मी रोज बघते. "पण मॅडम, तो तर एकच माणूस आहे, दुसरं रूप कधी दिसलं नाही, मग हा आजार कसा?" असं म्हणून लोकांनी उपचार वर्ष-वर्ष लांबवलेत. म्हणून माझी कळकळीची विनंती. आजारांच्या प्रकरणाला सायफाय लावू नका. सामाजिक मानसशास्त्राला जरूर लावा.

अंधारातला_कंदील | मंगळवार, दुपारी १:०२

मी स्वतः बीए मानसशास्त्र, शेवटचं वर्ष, वेगळ्या कॉलेजात. आम्हाला एका सरांनी असंच दाखवलं होतं. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं कोण काय बोलतंय तेच कळेना. अमेरिकन उच्चार, जुना आवाज, मागच्या बाकापर्यंत स्पीकर पोचत नव्हता. इंग्रजी माध्यमाची चार मुलं हसायची आणि ती हसली की आम्ही हसायचो. नंतर कळलं, हसण्यासारखं काही नव्हतंच.

खाली इंग्रजी अक्षरं लावा. दर चार-पाच मिनिटांनी थांबवून मराठी-कन्नडमध्ये सांगा. बाकी कुठलीही मालिका चालेल.

मलप्रभा | मंगळवार, दुपारी १:३०

कंदील, तू सांगितलंस तो प्रसंग मी सॉलोमन ॲशच्या प्रयोगाशेजारी ठेवणार आहे, तुझी हरकत नसेल तर. १९५० च्या दशकात त्यानं लोकांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी, डोळ्यांना दिसतंय ते सोडून, बाकीच्यांच्या मागं गेले. आणि एक जरी सोबती खरं बोलणारा मिळाला तरी ही चूक खूप कमी झाली. तुमच्या वर्गात एकानं जरी "सर, कळलं नाही" म्हटलं असतं तर?

अंधारातला_कंदील | मंगळवार, दुपारी १:३४

तर अख्ख्या वर्गानं हात वर केला असता. वापरा मॅडम.

निपाणीवाला | मंगळवार, रात्री ८:४७

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं अवघड बोलतो. परग्रहावरचे लोक म्हणजे कोण, हे आपल्या भागातल्या मुलांना कळायला पाच मिनिटं लागणार नाहीत. १ नोव्हेंबरला आपल्याकडे एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून मराठी लोकांचा काळा दिन. तुमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील एका मिरवणुकीत असतील, काहींचे दुसऱ्या. माझे वडील सीमा आंदोलनात तुरुंगात गेलेले आहेत. माझ्यासाठी तो पूर्वग्रहाचा विषय नाही, हक्काचा आहे. उद्या तुम्ही गोष्टीच्या आडून "दोन्ही बाजू वेड्या" असं सुचवलंत तर माझ्यासारख्या घरातल्या मुलाला ते लागेल. कन्नड घरातल्या मुलालाही लागेल. वर्ग पेटला तर तुम्ही एकट्या. कॉलेज पाठीशी उभं राहील का?

संपादक | मंगळवार, रात्री ९:१०

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथं वर्ग आणि शिकवणं एवढ्यावरच राहू या.

मलप्रभा | मंगळवार, रात्री १०:१५

निपाणीवाला दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्याही घरात तो इतिहास आहे. अन्यायाची तक्रार वेगळी आणि माणसाबद्दलचा संशय वेगळा, हे मला मुलांना उलगडून दाखवायचंय. न्यायालयातला दावा कुणी पूर्वग्रहापोटी केला असं मी कधीच म्हणणार नाही. पण बाकावर शेजारी बसलेल्या मुलीचं आडनाव ऐकून तिच्याविषयी मत ठरवणं, हे मला त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यायचंय. थेट विषय काढला तर सगळे आपापल्या घराची बाजू घेऊन बसतील. म्हणूनच मला इतकी लांबची गल्ली हवी आहे.

खडेबाजार_ग्रंथ | बुधवार, सकाळी ९:२५

मालिकेचा इतिहासच मॅडमच्या बाजूनं आहे. 'ट्वायलाइट झोन'चा निर्माता रॉड सर्लिंग आधी सरळ सामाजिक नाटकं लिहायचा. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या घटनेवरून सर्लिंगनं टीव्हीसाठी नाटक लिहिलं. जाहिरातदारांच्या दबावाखाली त्यातलं गाव बदललं, बळी कोण ते बदललं, मूळ घटनेची ओळख उरणार नाही इतकं ते पुसलं गेलं. त्यानंतर तो परग्रहांकडे वळला. मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातलेलं कुणी कापत नव्हतं. म्हणजे ज्या लोकांना आरसा दाखवायचा त्यांनी तोंड फिरवू नये, यासाठीच हा लांबचा रस्ता काढलेला आहे.

मास्तर, आपल्याकडेही पंचतंत्रातल्या कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी याचसाठी झाल्या ना? राजपुत्राला थेट मूर्ख म्हणता येत नाही.

शहापूरचे_मास्तर | बुधवार, सकाळी ९:५८

पटलं. पंचतंत्राचं उदाहरण मलाच आधी सुचायला हवं होतं.

धारवाडी_पेढा | बुधवार, दुपारी १२:१५

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, लग्न होऊन बेळगावला आले आणि मराठी इथंच शिकले, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. भाषेचं मानसशास्त्र शिकवायचं असेल तर मॅडम, 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मधला 'डार्मॉक' हा १९९१ चा भाग जरूर घ्या. त्यात एक परग्रही जमात असते. भाषांतर करणारं यंत्र त्यांचे शब्द बरोबर सांगतं, पण अर्थ लागत नाही, कारण ते लोक फक्त स्वतःच्या पुराणकथांचे संदर्भ देऊन बोलतात. अमुक वीर, तमुक ठिकाणी, एवढंच. ज्याला कथा माहीत नाही त्याला शब्द कळूनही काही कळत नाही. शेवटी त्यांचा कप्तान माणसांच्या यानाच्या कप्तानाला, पिकार्डला, एका ग्रहावर नेतो, दोघं मिळून एका श्वापदाशी लढतात, आणि दोघांची मिळून एक कथा तयार होते. तीच त्यांची पहिली सामाईक भाषा.

मी हा भाग बघून रडले होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "तिथं ध चा मा झाला." मला ध कळला, मा कळला. झालं काय ते मात्र कळलं नाही. मग सासऱ्यांनी अख्खा संध्याकाळभर नारायणरावाची गोष्ट सांगितली. 'पानिपत झालं' म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी. मी त्यांना आमच्या कित्तूर चन्नम्माची सांगितली. आमचं नातं तिथून सुरू झालं.

शहापूरचे_मास्तर | बुधवार, दुपारी १२:४०

वा! अक्का, तुमच्या या भागाची गोष्ट तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे. त्यांचा एक अभंग आहे. कानडी बाई आणि मराठी नवरा, एकाचं बोलणं दुसऱ्याला उमगत नाही. ती प्रेमानं "इल्ली बा" म्हणून हाक मारते आणि तो दचकून पळतो! तुकोबा पांडुरंगाला म्हणतात, माझं असं करू नकोस, सज्जनांची संगत दे. मी तो अभंग वर्गात चाळीसदा घेतला असेल, पण मानसशास्त्र म्हणून कधी बघितला नव्हता.

धारवाडी_पेढा | बुधवार, दुपारी १२:५२

आमच्या गल्लीत मी "इल्ली बा" म्हटलं की माझा मुलगा सोडून सगळी मराठी पोरं धावत येतात. होळगीचा (पुरणपोळीचा) वास आला असं समजून. 😊

गणू_अनगोळ | बुधवार, दुपारी १२:५५

अवांतर: तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता हे आपले शब्द कन्नडच्या घरून आलेले आहेत. तेव्हा जेवायला बसल्यावर तरी सीमा नाही.

खडेबाजार_ग्रंथ | बुधवार, दुपारी २:१०

डार्मॉकला जोडून एक करता येईल. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ च्या आपल्या पुस्तकात स्मरणावरचे प्रयोग मांडले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भुतांच्या लढाईची एक लोककथा त्यानं इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली. कधी एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, अशी साखळी. होडग्याची बोट झाली, भुतं गळून पडली, न कळणारे तपशील कळणाऱ्या तपशिलांत बदलले. माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही. आपल्या ओळखीच्या साच्यात ती नव्यानं बांधतो.

आता कल्पना करा. तुमच्या वर्गात पहिला ऐकणार मराठीत, दुसऱ्याला सांगणार कन्नडमध्ये, तिसरा उर्दूत, चौथा पुन्हा मराठीत. शेवटी फळ्यावर पहिली आणि शेवटची गोष्ट शेजारी शेजारी. एकभाषक वर्गाला हा प्रयोग असा करताच येणार नाही!

मलप्रभा | बुधवार, दुपारी २:२२

मी खुर्चीतून उठून उभी राहिले हे वाचून. आजवर चार भाषांचा वर्ग म्हणजे मी अडचणच समजत होते.

रोखठोक_हुक्केरी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

सगळं गोड चाललंय म्हणून दोन कडू प्रश्न. परीक्षेत 'मेपल स्ट्रीटचा सारांश लिहा' असं येणार आहे का? अभ्यासक्रम पूर्ण कधी होणार? आणि गोष्ट ही शेवटी गोष्ट असते. लेखकानं शेवट ठरवला, म्हणून ती माणसं तशी वागली. त्यावरून 'माणूस असा वागतो' हे सिद्ध होत नाही.

समुपदेशक_टिळकवाडी | बुधवार, संध्याकाळी ७:०५

शेवटचं वाक्य अगदी बरोबर, आणि ते फळ्यावर लिहावं इतकं महत्त्वाचं आहे. मालिकेचा भाग हा पुरावा नव्हे. पण मग पाठ्यपुस्तकातल्या गोष्टींनाही हीच चाळण लावू या. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून झाला आणि '३८ जण बघत राहिले, कुणी पोलिसांना कळवलं नाही' असं वर्तमानपत्रात आलं. पिढ्यानपिढ्या पुस्तकांत तेच छापलं. पुढं तपासात दिसलं की तो आकडा आणि ते चित्र दोन्ही फुगवलेलं होतं. इतके लोक सगळं बघत नव्हते, आणि मदतीचे प्रयत्न झाले होते. त्या बातमीवरून सुचलेले डार्ली आणि लाताने यांचे १९६८ चे प्रयोग मात्र खरे आहेत. माणसं जास्त असली की प्रत्येकाला जबाबदारी दुसऱ्याची वाटते. गोष्टीनं प्रश्न दिला, उत्तर प्रयोगानं. मॅडमनी वर्गात हाच क्रम ठेवावा.

दूधगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:४०

सदलग्याकडचा आहे. अंतर्गट-बाह्यगट चाललंय तर शेरीफचा प्रयोग विसरू नका. १९५४, ओक्लाहोमा, ११-१२ वर्षांची २२ मुलं, दोन गट, नुसत्या स्पर्धांनी वैर झालं. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते मिटलं नाही, उलट एकमेकांवर अन्न फेकलं. पाणीपुरवठा बंद पडला, गाडी अडकली, सगळ्यांना मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा कुठं धार बोथट झाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आम्ही शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत होतो. एका वर्गात आमची मराठी घरं, शेजारच्या वर्गात कन्नड घरं, व्हरांड्यात मुसलमान कुटुंबं. पहिल्या दिवशी चटयांवरून भांडण. दुसऱ्या दिवशी जनावरं पलीकडे अडकली आहेत असं कळलं आणि सगळे गडी एकाच होडीत. कुणाची म्हैस आधी आणायची यावर वाद नाही. जी जवळ ती आधी. आमची गाभण म्हैस ज्यानं दाव्याला धरून आणली त्याला मराठी येत नाही आणि मला त्या वेळी त्याचं नावही माहीत नव्हतं. आजही दिवाळीला त्याच्याकडे फराळ जातो.

रोखठोक_हुक्केरी | बुधवार, रात्री १०:०२

दूधगंगाकाठ, वाचून गप्प झालो. शेरीफविषयी एक भर घालतो. त्याआधी १९५३ मध्ये त्यानं असाच प्रयोग न्यूयॉर्क राज्यात केला होता. मुलांची आधीच मैत्री झालेली, संशोधकांनी लावालावी करूनही ती एकमेकांवर उठली नाहीत, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. पुस्तकात तो सापडत नाही. वर्गात दोन्ही सांगा.

माळी_गल्ली_७ | गुरुवार, रात्री १२:२०

सहसा लिहीत नाही. धाग्यात कुणी 'ब्लॅक मिरर' या ब्रिटिश मालिकेचं नाव घेतलं नाही, पण आज ना उद्या घेईल, म्हणून लिहिते. त्यातला 'बी राइट बॅक' (२०१३) हा भाग मला एका कार्यशाळेत न सांगता दाखवला गेला. एका बाईचा जोडीदार अपघातात जातो. त्याचे मेसेज, त्याचा आवाज यांवरून एक यंत्र त्याच्यासारखं बोलायला लागतं, पुढं हुबेहूब त्याच्यासारखं शरीर येतं. माझे मिस्टर जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्यांचा "येतो गं, दूध घेऊन येतो" हा व्हॉट्सॲपवरचा निरोप माझ्या फोनमध्ये आहे. मी रोज ऐकत होते. अंधारात, तीस माणसांत बसून मी तो भाग बघितला आणि दिवे लागल्यावर मला विचारलं गेलं, "यातून शोकाच्या कुठल्या अवस्था दिसल्या?"

मॅडम, तुमच्या ४२ मुलांत कुणीतरी असेल. आधी सांगा काय आहे ते. आणि बाहेर जायची मोकळीक द्या, कारण न विचारता.

समुपदेशक_टिळकवाडी | गुरुवार, सकाळी ७:४५

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल ऋणी आहे. तो प्रश्नच चुकीचा होता. ज्या पाच अवस्था सांगितल्या जातात त्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागं राहिलेल्यांनी चढायच्या पायऱ्या म्हणून नव्हे. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः १९९० च्या दशकात, हे मांडलं की गेलेल्या माणसाशी नातं तोडणं म्हणजेच बरं होणं, असं नाही. ते नातं रूप बदलून चालू राहतं. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घरातला मोठा माणूस हात जोडून मोठ्यानं म्हणतो, "पोरांचं मी बघतो, काळजी करू नका." आपण तेव्हा त्यांच्याशीच बोलत असतो. तुम्ही निरोप ऐकत होतात, त्यात आजार काही नव्हता.

माळी_गल्ली_७ | गुरुवार, सकाळी ८:१०

आता आठवड्यातून एकदा ऐकते. दूध आणायला निघताना.

संकेश्वरी_मिरची | गुरुवार, सकाळी ८:१४

🙏

मलप्रभा | गुरुवार, सकाळी ८:३०

ताई, लिहून घेतलंय. काय दाखवणार ते आदल्या दिवशी वर्गाला सांगेन.

कुंदाप्रेमी | गुरुवार, दुपारी ४:००

सगळे परदेशी भाग कशाला? आपले नारळीकर कोल्हापुरात जन्मलेले. त्यांची एक खरी गोष्टच मानसशास्त्राचा धडा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एका चांगल्या गुणाच्या वलयानं बाकी सगळ्याबद्दलचं मत झुकणं, याला 'हॅलो इफेक्ट' म्हणतात; थॉर्नडाइकनं १९२० मध्ये ते दाखवलं, आणि तो शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मलप्रभा | शनिवार, संध्याकाळी ५:२०

आज तास झाला. सविस्तर सांगते, कारण निम्मा तास तुमचाच होता.

शुक्रवारी वर्गाला सांगितलं, उद्या अशी गोष्ट आहे, शेवटी एक माणूस मारला जातो, ज्याला नको त्यानं ग्रंथालयात बसावं. एक मुलगा आला नाही. मी विचारलं नाही.

सुरुवात मिरचीताईंच्या प्रश्नानं. "करंट गेल्यावर काय बघता?" आधी शांतता. मग मागून एक जण, "शेजारच्यांचा गेलाय का ते." अख्खा वर्ग हसला, आणि मग दोन्ही भाषांत एकदम बोलायला लागला. पहिली सहा मिनिटं भाग दाखवला, थांबवला, सांगितला. असं चारदा. मास्तर, तुमचं ऐकून मधलं भांडण मी पडदा बंद करून स्वतः सांगितलं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या गल्लीतलं. तेव्हा वर्ग सगळ्यात शांत होता.

अंधारातून सावली येते तिथं थांबवलं. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. नाव नको, भाषा कुठलीही. "या गल्लीत तुम्ही असता तर पहिला संशय कुणावर घेतला असता? खरं लिहा." चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सगळ्या मी मराठीत आणि कन्नडमध्ये वाचल्या, मूळ कुठल्या भाषेत होती ते न सांगता. "नवीन भाड्यानं आलेले." "जे कुणाशी बोलत नाहीत ते." "ज्यांच्या घरी रात्री उशिरा माणसं येतात." "आमच्याहून वेगळ्या देवाचे." हे शेवटचं वाचल्यावर मी विचारलं, ही चिठ्ठी कुठल्या भाषेतली असेल? मराठी मुलं म्हणाली कन्नड. कन्नड मुलं म्हणाली मराठी. मी तशा तीन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एक मराठी, एक कन्नड, एक उर्दू. निपाणीवाला दादा, कुणी आवाज चढवला नाही. व्याख्या पाठ म्हणणारी ती मुलगी बराच वेळ टेबलाजवळ उभी होती.

शेवटची चिठ्ठी वाचून मीच थांबले. "मॅडम, आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. करंट गेला की गल्लीत फक्त आमचा दिवा असतो. मी कुणावर संशय घेणार? सगळे माझ्याच घराकडे बघतील."

त्यानंतर टेकडीवरचा शेवट दाखवला. ॲश आणि शेरीफ पुढच्या तासाला, १९५३ च्या फसलेल्या प्रयोगासकट.

निपाणीवाला | शनिवार, संध्याकाळी ६:०२

इन्व्हर्टरवाल्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. कुठल्या भाषेत लिहिलं होतं ते विचारणार होतो, पण राहू दे.

रोखठोक_हुक्केरी | शनिवार, संध्याकाळी ६:१५

परीक्षेचा प्रश्न मागं घेत नाही. पण तास चांगला झाला.

मलप्रभा | शनिवार, संध्याकाळी ६:४०

तुमचा प्रश्न बरोबरच आहे. सोमवारी पूर्वग्रहावर पाच गुणांचा लेखी प्रश्न देणार आहे, चित्रपट न आठवता. निकाल इथंच सांगेन, वाईट लागला तरी.

मास्तर, एक विनंती. पुढच्या शनिवारी बार्टलेटची साखळी करायची आहे. पहिली गोष्ट तुम्ही सांगाल का? वर्गानं न ऐकलेली हवी. धारवाडी अक्का, दुसरी कडी तुम्ही असाल तर फार बरं होईल.

शहापूरचे_मास्तर | रविवार, सकाळी ६:०५

येतो. आजीनं सांगितलेली एक आहे, छापील कुठं बघितली नाही. सीबीटीवरून (बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) खानापूरला सकाळची गाडी किती वाजता असते?

धारवाडी_पेढा | रविवार, सकाळी ७:३०

मास्तर, गाडी बघू नका, आमची कार आहे. आठला शहापूरच्या नाक्यावर थांबा. पण वाटेत गोष्ट सांगायची नाही हं, मी ती वर्गातच पहिल्यांदा ऐकायला हवी.